लहान शाखेचा ड्राफ्ट

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी भाचीकडे अमेरिकेला गेले होते. कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या बाजूला तिचे घर आहे. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन लावला. पलीकडे माझी थोरली बहीण. ख्यालीखुशाली झाली आणि ताईने विचारले, ‘‘नात नेमकी कुठल्या कॉलेजात आहे गं? इथं सगळे विचारतात, मला नावच सांगता येत नाही.’’ भाची समोर ओट्याशी कांदा चिरत उभी होती. तिने सुरी खाली ठेवली आणि ओठांवर बोट ठेवले. मी म्हटले, ‘‘अगं, इथंच, घराजवळच्या कॉलेजात.’’

खोटे बोलले नव्हते. पण बँकेत एकोणचाळीस वर्षे काढलेल्या बाईला अर्धे खरे सांगणे म्हणजे काय ते चांगले कळते. ताळेबंदात आकडा बरोबर असतो, फक्त तळटीप गाळलेली असते.

फोन ठेवल्यावर भाची म्हणाली, ‘‘मावशी, कम्युनिटी कॉलेज म्हटलं ना, की लोकांना वाटतं पोरगी कुठंतरी घसरली. पुण्यातल्यांना तर वाटतंच, इथल्या आपल्या लोकांनाही तेच वाटतं. गणपतीला मंडळात गेलं, की पहिला प्रश्न हाच.’’ मुलगी त्या वेळी जिन्यातच उभी होती. तिने ऐकले असावे. ती काही बोलली नाही. चपला सरकवून बाहेर पडली.

त्या मुलीची ही गोष्ट आहे. तिचे नाव लिहीत नाही. मी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘मावशीआजी, माझ्याबद्दल लिही, पण नाव नको.’’ नाव छापण्याआधी माणसाला विचारायचे असते, हे ती ज्या कॉलेजचे नाव तिच्या आजीला सांगायची चोरी होती, त्याच कॉलेजात शिकली होती.

आधी हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ठाऊक नव्हते. आपल्याकडे बारावीनंतर एकदा कॉलेजात शिरले, की पदवी घेऊनच बाहेर पडायचे, नाहीतर मध्येच सोडायचे. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीचे दोन भाग पाडता येतात. पहिली दोन वर्षे गावातल्या सार्वजनिक कॉलेजात काढायची आणि तिथले श्रेयांक घेऊन विद्यापीठात एकदम तिसऱ्या वर्षाला जायचे. या कॉलेजांत गुणवत्ता यादी लागत नाही. अर्ज करील त्याला प्रवेश. इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी १९०१ साली असे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले, अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तिथल्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन या दोघांची ती कल्पना. मुलांना घर न सोडता विद्यापीठाची पहिली दोन वर्षे करता यावीत, एवढाच साधा विचार त्यामागे होता.

कॅलिफोर्नियाने या साध्या विचाराची १९६० मध्ये रीतसर योजना केली. क्लार्क कर हे त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते; योजनेवर त्यांचाच ठसा आहे. हायस्कूल संपवणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांना राज्य विद्यापीठ, आणि बाकी सगळ्यांना, अक्षरशः सगळ्यांना, कम्युनिटी कॉलेज. इथपर्यंत ऐकले, की वाटते ही तर उतरंड झाली. पण त्या योजनेत एक मोलाचे कलम होते. खालच्या कॉलेजात जो नीट शिकेल त्याला दोन वर्षांनी वर जाता येईल, आणि त्यासाठी वरच्या विद्यापीठांनी जागा राखायची. अठराव्या वर्षी बंद झालेले दार विसाव्या वर्षी पुन्हा उघडायचे. आज त्या राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत आणि वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी त्यांत शिकतात. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर फी पडते. साठ युनिटांची म्हणजे दोन वर्षांची फी २,७६० डॉलर, आपले सुमारे अडीच लाख रुपये. गरजूंना तीही माफ होते. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या खासगी संस्थेत यापेक्षा जास्त पैसे एका वर्षाला मोजणारे पालक मला ठाऊक आहेत. तेव्हा भाचीने कांदा बाजूला ठेवून लपवावे असे यात काही नव्हते.

आता मुलीविषयी. तिने २०२१ मध्ये त्या कॉलेजात नाव घातले तेव्हा घरी ठरले होते ते संगणकशास्त्र. तिचे वडील त्यातलेच, शेजारी त्यातलेच, त्या खोऱ्यात दुसरे काही असते हे मुलांना कळायलाच उशीर होतो. वर्ष-दीड वर्ष तिने गणित आणि प्रोग्रॅमिंग केले. मार्क बरे होते, चेहरा बरा नव्हता. मग एका सहामाहीत वेळापत्रकात तीन युनिटांची जागा मोकळी राहिली म्हणून तिने ‘बातमीलेखन’ हा विषय घेतला, आणि त्या शिक्षिकेने तिला कॉलेजच्या वृत्तपत्रात ओढले. २०२३ च्या सुरुवातीला तिने घरी सांगून टाकले, की मला पत्रकारितेची पदवी घ्यायची आहे. याच सुमारास तिच्या वडिलांची नोकरी गेली होती. त्या हिवाळ्यात त्या भागात अनेक घरांत तेच चालले होते. त्या घरात त्या आठवड्यात काय वातावरण असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. ‘पत्रकारिता करून खाणार काय?’ हा प्रश्न मराठीत विचारला काय नि इंग्रजीत काय, सारखाच लागतो.

एके दिवशी ती मला कॉलेजात घेऊन गेली. वृत्तपत्राची खोली म्हणजे तळमजल्यावरचा एक वर्ग. दहा-बारा संगणक, भिंतीला जुने अंक टाचलेले, कोपऱ्यात कोणीतरी आणलेला कॉफीचा डबा. माझ्या डोळ्यांपुढे कॉलेज म्हणजे अठरा ते एकवीस वयाची मुले. इथे उपसंपादक होता तो सैन्यातून परतलेला चाळिशीतला गृहस्थ. छायाचित्रे काढणारी मुलगी रात्री वृद्धाश्रमात काम करून आलेली होती. एक बाई आपल्या चार वर्षांच्या पोराला शेजारच्या खुर्चीवर रंगीत खडू देऊन बसवून मथळे लावीत होती. आमची मुलगी त्या सगळ्यांत वयाने लहान, आणि तिच्यापुढे पडला होता कॉलेजच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीचा इतिवृत्तांत. मोफत धान्य देणाऱ्या कॉलेजच्या कोठाराची वेळ कमी करायची होती, आणि तो विषय मंडळाने शेवटच्या पाच मिनिटांत उरकला होता. ती फोनवर कोणाला तरी शांतपणे विचारीत होती, ‘‘म्हणजे आठवड्याला नेमके किती विद्यार्थी येतात? तुमचा अंदाज नको, नोंदवहीतला आकडा हवा.’’

मी नोकरीत वार्ताहर पुष्कळ पाहिले. बँकेच्या निकालाच्या दिवशी येत. ‘निर्लेखित कर्जे’ असा शब्द कागदावर असे आणि दुसऱ्या दिवशी मथळा येई ‘कर्जमाफी’. आता बँक कर्ज निर्लेखित करते म्हणजे ते ताळेबंदातून काढते. वसुली सोडत नाही. माफी म्हणजे सोडून देणे. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण किती वर्षे झाली, ती चूक अजून होतेच आहे. ‘अंदाज नको, नोंदवहीतला आकडा हवा,’ हे वाक्य मी एका वार्ताहराच्या तोंडून ऐकावे म्हणून तीस वर्षे वाट पाहिली होती. ते मला एका कम्युनिटी कॉलेजच्या तळमजल्यावर ऐकायला मिळाले.

मग सुरू झाला तो विद्यापीठात बदलीचा प्रपंच. त्यांच्याकडे याला ‘ट्रान्स्फर’ म्हणतात. हा शब्द ऐकून मला आमच्या बदल्यांचे हुकूम आठवले आणि हसू आले. पण प्रकरण हसण्यासारखे नव्हते. नोव्हेंबरअखेर अर्ज भरायचे होते. रात्री जेवणानंतर आम्ही तिघी टेबलाशी बसत असू. मुलगी, तिची आई आणि मी. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो, याची ‘असिस्ट’ नावाची एक सरकारी संगणकीय नोंदवही आहे. ती पाहताना मला आमच्या मुख्य कार्यालयातल्या आंतरशाखा ताळमेळ विभागाची आठवण झाली. या शाखेने नावे टाकलेली रक्कम त्या शाखेने जमा केली का, हे तिथे वर्षानुवर्षे जुळवीत बसत.

नियम असे. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की ठरावीक विषय घेऊन साठ युनिटांची ‘ट्रान्स्फरसाठीची सहयोगी पदवी’ जो मिळवील त्याला राज्य विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची हमी. अमुकच शहरातल्या विद्यापीठाची नाही, पण कुठेतरी निश्चित. पत्रकारितेतही ही पदवी आहे. तिच्या गाभ्यात तीन विषय: जनसंज्ञापनाची ओळख, बातमीदारी व बातमीलेखन, आणि विद्यार्थी वृत्तपत्रातले प्रत्यक्ष काम. बाकी इतिहास, गणित वा संख्याशास्त्र, विज्ञान, इंग्रजी. आणखी एक भानगड अशी, की कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि राज्य विद्यापीठ या दोन वेगळ्या संस्था. दोघांच्या अटी इतकी वर्षे वेगळ्या. एकीकडे चालणारा विषय दुसरीकडे चालेलच असे नाही. विसाव्या वर्षीच्या मुलीने हे सगळे स्वतःच उलगडायचे. सल्लागार असतात, पण एकेकाच्या वाट्याला शेकडो विद्यार्थी. आमच्या मुलीला तिच्या सल्लागाराने तीन वर्षांत जो वेळ दिला, तेवढा आम्ही लॉकरच्या ग्राहकाला एका खेपेत देत असू.

मार्च महिन्यात तिला एका विद्यापीठाचे होकाराचे पत्र आले. पत्रकारितेची पदवी, थेट तिसरे वर्ष. मी तोवर पुण्याला परतले होते. फोनवर तिचा आवाज नाचत होता. उन्हाळ्यात दुसरे पत्र आले, श्रेयांकांच्या मूल्यमापनाचे. ते तिने मला वाचून दाखवले तेव्हा आवाज नाचत नव्हता.

तिने तीन वर्षांत ७८ युनिटे केली होती. राज्य विद्यापीठ कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त ७० धरते. आठ युनिटे तिथेच गळाली. कॉलेजच्या वृत्तपत्रात तिने चार सहामाह्या काम केले होते, त्याचे चार विषय झाले होते. त्यातला फक्त एक मुख्य विषयात धरला गेला. उरलेले तीन ‘ऐच्छिक’ म्हणून एका कोपऱ्यात पडले. म्हणजे धान्यकोठाराची जी बातमी लिहिल्यावर मंडळाला वेळ पुन्हा वाढवावी लागली, तिची नोंद विद्यापीठाच्या वहीत शून्य. ‘‘मावशीआजी,’’ ती म्हणाली, ‘‘मी ते काम केलंच नाही असं लिहिलंय का यांनी?’’

मी तिला नियमाची बाजू समजावून सांगितली. बँकेत राहून ती एक वाईट सवय लागते. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी तिथली जी परिषद आहे, तिचा निकष असा, की मान्यताप्राप्त ठिकाणी पदवीच्या साधारण १२० युनिटांपैकी किमान ७२ पत्रकारितेच्या बाहेरची असली पाहिजेत. मला हा नियम मनापासून आवडला. पत्रकाराला बातमीचा साचा दोन महिन्यांत येतो. अर्थशास्त्र, इतिहास, कायदा, आकडे वाचायची सवय हे यायला वर्षे लागतात. ‘निर्लेखन’ आणि ‘माफी’ यांतला फरक पत्रकारितेच्या वर्गात कळत नाही, तो बाहेरच्या वर्गात कळतो. पण मुख्य विषयासाठी अशी थोडी युनिटे उरली, की प्रत्येक विभागाला ती आपल्याच हातून शिकवावीशी वाटतात. नियम चांगला, आणि त्याचा भार मात्र नेमका जो बाहेरून आला त्याच्यावर. हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘बरोबर आहे. पण मग हे मला पहिल्या वर्षी का नाही सांगितलं?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. आठ युनिटांसाठी नव्हे. मला १९९८ सालची एक दुपार आठवत राहिली. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. कारकुनांना अधिकारी पदावर बढती देण्याच्या मुलाखती होत्या आणि मुलाखत मंडळात मी होते. खानदेशातल्या एका लहान शाखेतला एक उमेदवार आला. दिवसा काउंटर सांभाळून त्याने मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली होती, चांगल्या गुणांनी. आमच्यातल्या एका वरिष्ठांनी गुणपत्रिका उलटून पाहिली आणि म्हणाले, ‘‘मुक्त म्हणजे काय हो? परीक्षेपासूनही मुक्त का?’’ सगळे हसले. मीही हसले. तो उमेदवारही कसनुसा हसला. त्याने सांगितलेली उत्तरे बरोबर होती. पण त्या हसण्यानंतर त्यांना वजन राहिले नाही. मी त्याला दिलेले गुण मला आठवतात. मोठ्या शहरातल्या नामांकित कॉलेजच्या पोराने तीच उत्तरे दिली असती, तर मी जास्त दिले असते. तो गृहस्थ त्या वर्षी राहिला. पुढल्या वर्षी त्याने अर्जच केला नाही, असे मला नंतर कळले.

मी स्वतः कुठून आले होते? १९८० साली कारकून म्हणून लागले तेव्हा बी.कॉम. झाले होते ते सकाळच्या कॉलेजात, कारण दुपारी शिकवण्या घ्याव्या लागत. पत्रकारितेचा अभ्यासक्रम करायची हौस होती. रानडे इन्स्टिट्यूटच्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन आले होते. घरात पगाराची गरज होती, राहून गेले. म्हणजे आडवाटेने आलेल्या माणसाची कदर करायला मंडळात माझ्याइतकी लायक व्यक्ती दुसरी नव्हती. आणि हसणाऱ्यांत मी होते. माणूस वर चढून आला, की आपण कुठल्या जिन्याने आलो हे सर्वांत आधी विसरतो.

आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांना ड्राफ्ट ही काय चीज आहे ते सांगायला नको. आडगावच्या दोन खोल्यांच्या शाखेने काढलेला हजार रुपयांचा ड्राफ्ट मुंबईच्या संगमरवरी शाखेत हजार रुपयांनाच वटतो. तिथला अधिकारी म्हणत नाही, की तुमची शाखा लहान, तिला पंखाही धड नाही, तेव्हा आम्ही सातशेच देऊ. तो काय पाहतो? नमुना सह्यांच्या पुस्तकात सही जुळते का ते. कधी कधी लहान शाखेकडून सूचनापत्रच आलेले नसे. तरी सही पडताळून पैसे द्यायचे, कारण ग्राहकाचा त्यात काय दोष? त्यासाठी आमच्याकडे शब्दही होता, ‘एक्स-अ‍ॅडव्हाइस’. साऱ्या बँकिंगचा डोलारा या एका विश्वासावर उभा आहे, की लहान ठिकाणी भरलेला पैसा मोठ्या ठिकाणी पुऱ्या किमतीला मिळेल. पैशाच्या बाबतीत आपण हे शंभर वर्षांपूर्वी शिकलो. विद्येच्या बाबतीत अजून शिकतो आहोत.

अमेरिकेत तरी ते कितपत जमले आहे? कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये अहवाल दिला. २०१७ ते २०१९ या काळात कम्युनिटी कॉलेजात आलेल्या आणि पुढे विद्यापीठात जायचे मनात असलेल्या विद्यार्थ्यांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष गेले ते पाचांत जेमतेम एक. बाकीचे चार कुठे गेले? काही कामाला लागले, काहींना गणिताने अडवले, काहींना घरच्या आजारपणाने. काही केवळ कागदांच्या जंजाळात हरवले. त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला होता, की २००४ ते २००९ या काळात एका संस्थेतून दुसरीत गेलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाटेत बुडाले. कुठल्याही बँकेचे शंभरातले त्रेचाळीस ड्राफ्ट वटले नसते, तर तिच्या दारात रांग लागली असती. इथे रांग लागत नाही, कारण बुडालेला प्रत्येक जण ‘आपलंच काहीतरी चुकलं’ असे समजून गप्प बसतो.

तरीही मी त्या दाराच्या बाजूनेच उभी राहीन. एक तर तिथले लोक चूक मान्य करून दुरुस्त करीत आहेत. २०२१ मध्ये कायदे झाले, की सर्व कम्युनिटी कॉलेजांत एकाच विषयाला एकच क्रमांक असावा आणि दोन्ही विद्यापीठांसाठी सामान्य विषयांची एकच यादी असावी. ही यादी २०२५ पासून लागू झाली. आमच्या मुलीला उपयोग नाही, तिच्या मागून येणाऱ्यांना आहे. दुसरे असे, की पाचांतला जो एक पार जातो, तो कोण असतो ते पाहा.

जिम लेहरर हे नाव अमेरिकेत राहून आलेल्या वाचकांना ठाऊक असेल. सार्वजनिक दूरचित्रवाणीवर त्यांनी अनेक वर्षे रोज संध्याकाळी बातम्या दिल्या, आरडाओरडा न करता. अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या बारा वादसभा त्यांनी चालवल्या. १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली तेव्हा ते डॅलसच्या एका दैनिकात वार्ताहर होते. हा माणूस टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया कॉलेज या दोन वर्षांच्या कॉलेजात शिकला, आणि तिथून मिसुरी विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयात जाऊन १९५६ साली पदवीधर झाला. हे विद्यालय १९०८ मधले, पत्रकारितेच्या शिक्षणात अग्रपूजेचा मान असलेले. लेहरर यांचे वडील बसच्या व्यवसायात होते आणि आई बँकेत कारकून होती. पुढे त्यांनी बऱ्याच कादंबऱ्याही लिहिल्या. बँक, बातमी आणि कादंबरी एकाच घरात नांदलेली पाहून मला उगाचच आपलेपणा वाटला. सांगायचे एवढेच, की मिसुरीने १९५० च्या दशकात व्हिक्टोरियाचा ड्राफ्ट परत पाठवला नाही.

‘पण पत्रकाराला पदवी लागतेच कशाला?’ असे कोणी म्हणेल. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले तेव्हा कोणाकडे पत्रकारितेची पदवी होती? खरे आहे. पण बाळशास्त्री अनेक भाषा, गणित आणि इतिहास जाणणारे पंडित होते, हे विसरून चालणार नाही. बाहेरच्या ज्ञानाची ती ७२ युनिटे त्यांनी स्वतःच भरून काढली होती. आणि अमेरिकेत २००५ पासून एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली आहेत. या धंद्यात पैसा नाही, हे मुलीच्या वडिलांचे म्हणणेही खरेच. मात्र ज्या गावात वृत्तपत्र उरत नाही, तिथे मंडळाच्या बैठकीतली शेवटची पाच मिनिटे पाहायला कोणी बसत नाही. तिथे जाऊन बसण्याची ज्याला हौस आहे, त्याला निदान आपण परत पाठवू नये.

आता आपल्या दाराशी येते. महाराष्ट्रात दुसरे दार मुळीच नव्हते असे नाही. तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुले आपण पाहतो. कार्यशाळेत हात काळे करून आल्यामुळे त्यांतली कितीतरी पुढे सरस ठरतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना, संसार सांभाळणाऱ्या बायकांना पदवीपर्यंत नेते आहे. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये चक्क एक बँकच निघाली आहे, शैक्षणिक श्रेयांकांची बँक. विद्यार्थ्याने खाते उघडायचे, शिकलेल्या विषयांचे श्रेयांक त्यात जमा होणार, ते सात वर्षांपर्यंत टिकणार, आणि एका संस्थेतून दुसरीत नेता येणार. एक वर्षावर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका घेऊन थांबायचे नि पुन्हा यायचे, अशीही सोय.

कल्पना उत्तम आहे. बँक हा शब्द वाचून तर माझे कान टवकारलेच. पण माझ्या अनुभवाचे दोन शब्द सांगते. बँक इमारतीने होत नाही, संगणकानेही होत नाही. समोरचा अधिकारी ड्राफ्ट वटवतो की नाही, यावर ती होते. तालुक्याच्या गावातल्या मुलीने तिथल्या कॉलेजात दोन वर्षे मन लावून केलेले श्रेयांक पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयाने पुऱ्या किमतीला घेतले, तर ती बँक. ‘तुमच्याकडचा दर्जा काय असतो आम्हाला ठाऊक आहे,’ असे म्हणून कोणी हसले, तर तो नुसता खातेपुस्तकांचा गठ्ठा. तेव्हा कुठला विषय कुठे चालेल याची यादी प्रवेशाच्या आधी विद्यार्थ्याच्या हाती पडावी, नंतर नव्हे. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे. आणि मूल्यमापन करणाऱ्याने शाखेचे नाव झाकून आधी सही पाहावी, म्हणजे मुलाला काय येते ते पाहावे. येत नसेल तर खुशाल परत पाठवावे. दर्जा सोडा असे मी म्हणत नाही. एकोणचाळीस वर्षांत मी खोटा ड्राफ्ट कधी वटवला नाही. पण खरा परत पाठवणे हेही तितकेच मोठे पाप आहे. ते मी केलेले आहे.

आणि घरातल्यांनी? घरातल्यांनी ओठांवरचे बोट काढावे. अठराव्या वर्षीच्या एका परीक्षेने माणसाची किंमत ठरत नाही, हे आपण भाषणात म्हणतो आणि हळदीकुंकवात विसरतो.

परवा मुलीचा फोन आला होता. तिच्या विद्यापीठाच्या वृत्तपत्रात नव्या वार्ताहरांना हाताशी धरून शिकवायचे काम तिच्याकडे आले आहे, कारण प्रत्यक्ष बातमी लिहून आलेली, वर्गात तीच एक. जे श्रेयांक कागदावर वटले नाहीत ते असे वटले. बोलता बोलता ती म्हणाली, ‘‘आजीला सांगशील? की मी सांगू?’’

मी म्हटले, ‘‘मीच सांगते. अर्धं खरं मी सांगितलं होतं, उरलेलं अर्धं माझ्याकडेच येणं आहे.’’ संध्याकाळी ताईकडे गेले आणि कम्युनिटी कॉलेजचे नाव, गाव, फी, ती तळमजल्यावरची खोली, सगळे सांगितले. ताई ऐकत राहिली. मग तिने चष्मा लावला, पंचांगाशेजारी ठेवलेली वही उघडली आणि म्हणाली, ‘‘हळू सांग. पहिल्या कॉलेजचं नाव आधी. लिहून ठेवते.’’